अंगावर घेतलेले काम
माधवराव सप्रे, वामनराव लाखे आणि रायपूरची मराठी परंपरा

‘आपण बरे, आपले काम बरे’ ही आपल्या सुशिक्षित मराठी घरांतली जुनी शिकवण आहे. तिच्यात सचोटी आहे, नेमस्तपणा आहे आणि दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ न करण्याचा सभ्यपणाही आहे. आपल्या शाळेतून बाहेर पडून नोकरीनिमित्त दूरदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी ही शिदोरी बरोबर नेली आणि तिच्या बळावर नाव कमावले. वेळेवर येणारा, हिशेबात चोख, शब्दाला जागणारा अशी मराठी माणसाची ख्याती रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीत आजही ऐकू येते. परंतु त्याच ख्यातीला जोडून एक दुसरे वाक्यही ऐकू येते : ‘मराठी माणूस काम उत्तम करतो, पण पुढे होत नाही.’ पाळीचा प्रमुख नेमायचा असेल, बंद पडलेला विभाग उभा करायचा असेल, कामगार आणि व्यवस्थापन यांच्यामध्ये उभे राहून बोलायचे असेल, तर आपली माणसे अनेकदा एक पाऊल मागे घेतात.

हे वाक्य कितपत खरे आहे, याचा निवाडा करण्याचा हा लेख नव्हे. मात्र ते ज्या शहराच्या वेशीवर उच्चारले जाते, त्या शहराचा इतिहास या वाक्याला चोख उत्तर देतो. रायपूर येथे सव्वाशे वर्षांपूर्वी दोन मराठी मित्रांनी आपापल्या पेशात कोणीही न सोपवलेले काम स्वतःच्या अंगावर घेतले. त्यांपैकी एक संपादक झाला, दुसरा वकील आणि सहकारी बँकेचा उभारणारा. माधवराव सप्रे आणि वामन बळीराम लाखे ही ती नावे. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने या दोघांचे स्मरण करावे आणि पुढाकार म्हणजे नेमके काय, याचा त्यांच्या चरित्रांतून शोध घ्यावा, एवढाच येथे हेतू आहे.

छत्तीसगडातील मराठी वस्ती

छत्तीसगडाशी मराठी माणसाचा संबंध नागपूरकर भोसल्यांच्या काळापासूनचा. १७४१ साली भास्करपंतांच्या फौजेने रतनपूरच्या हैहयवंशी राज्यावर चाल केली. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले आणि १७८७ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत तेथेच राहिले. पुढे सुभेदारांचा अंमल आला. १८१८ नंतर काही वर्षे इंग्रजांच्या देखरेखीखाली कारभार चालला आणि त्या काळात मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास आले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले व छत्तीसगडही त्याबरोबर कंपनी सरकारकडे गेले.

राज्य गेले तरी माणसे राहिली. कारकुनी, वकिली, शिक्षकी, पौरोहित्य आणि थोडीबहुत मालगुजारी यांवर या मराठी घरांचा संसार चालला. घरात मराठी, कचेरीत हिंदी वा इंग्रजी आणि बाजारात छत्तीसगडी असा त्यांचा त्रिभाषिक दिनक्रम होता. सत्ता गेल्यावर उरलेल्या अशा लहान समाजापुढे दोन वाटा असतात. आपल्या आळीत, आपल्या गणेशोत्सवात, आपल्या नातेसंबंधांत सुखाने राहावे, ही एक. ज्या भूमीने आसरा दिला तिचे प्रश्न आपले मानावेत, ही दुसरी. सप्रे आणि लाखे यांनी दुसरी वाट धरली.

पेंड्र्याहून निघालेले मासिक

माधवराव सप्रे यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. बालपण बिलासपुरात गेले, माध्यमिक शिक्षण रायपुरात झाले. १८९८ मध्ये ते बी.ए. झाले. त्या काळी मध्य प्रांतात पदवीधर तरुणाला सरकारी नोकरीचे दार सहज उघडत असे आणि त्या दारातून आत गेलेल्या माणसाच्या सात पिढ्यांची चिंता मिटली, असे घरचे मानत. सप्रे यांनी ते दार स्वतःहून टाळले आणि पेंड्रा येथील जमीनदाराच्या राजकुमाराचे शिक्षक होणे पत्करले. पेंड्रा हे बिलासपुराच्या उत्तरेचे, जंगलाने वेढलेले ठिकाण. तेथील पगार शिल्लक टाकून त्यांना एक मासिक काढायचे होते.

ते मासिक म्हणजे ‘छत्तीसगढ मित्र’. पहिला अंक जानेवारी १९०० मध्ये निघाला. संपादक म्हणून सप्रे यांच्याबरोबर रामराव चिंचोलकर होते आणि प्रकाशक म्हणून वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी, मासिक मात्र हिंदी. छपाई आरंभी रायपूरच्या कय्यूमी प्रेसमध्ये होई, नंतर नागपूरच्या देशसेवक प्रेसमध्ये. आज पेंड्रा ते रायपूर हा प्रवास काही तासांचा आहे. त्या काळी हस्तलिखित धाडणे, मुद्रिते तपासणे, ती परत पाठवणे आणि अंक वर्गणीदारांपर्यंत पोहोचवणे, ही सारी यातायात या मंडळींनी आपापला पेशा सांभाळून केली.

तो काळही ध्यानात घ्यावा. १८९६-९७ चा दुष्काळ ओसरतो न ओसरतो तोच १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ मध्य प्रांतावर कोसळला. भाताच्या या प्रदेशात लोक अन्नाला महाग झाले असताना ज्ञानप्रसारासाठी मासिक काढणे व्यवहारी माणसाला वेडेपणा वाटावा. वर्गणीदार मोजके आणि त्यांतलेही वर्गणी चुकती करणारे आणखी मोजके. तोटा दरसाल येत राहिला आणि तीन वर्षांनंतर, डिसेंबर १९०२ मध्ये, मासिक थांबले.

जमाखर्चाच्या वहीत पाहिले तर हा उद्योग फसला. पण या तीन वर्षांत या मासिकाने हिंदीत ग्रंथपरीक्षणाची गंभीर शिस्त रुजवली. आलेल्या पुस्तकावर दोन गोड ओळी लिहून लेखकाला खूष करण्याची रीत असताना सप्रे यांनी गुणदोषांची साधार चर्चा सुरू केली. ‘छत्तीसगढ’ हे नाव तिने छापील अक्षरांत महिन्यामागून महिना वाचकांपुढे ठेवले. त्या नावाचे स्वतंत्र राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी, म्हणजे मासिकाच्या जन्मानंतर शंभर वर्षांनी, अस्तित्वात आले.

येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. छत्तीसगडास मासिक हवे, असे सप्रे यांना कोणी सांगितले नव्हते. कोणत्या संस्थेचा ठराव नव्हता, कोणाचे अनुदान नव्हते. उणीव त्यांच्या दृष्टीस पडली. ज्याच्या दृष्टीस उणीव पडते त्यानेच ती भरून काढण्यास आरंभ करावा, हा त्यांचा साधा न्याय होता. नोकरीच्या जागीही बहुतेक मोठी कामे अशीच सुरू होतात. ती कोणाच्याही कामाच्या यादीत नसतात. ती दिसतात अनेकांना, पण हात घालतो एखादाच.

टोपलीभर माती

एप्रिल १९०१ च्या सुमारास याच मासिकात सप्रे यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटी कथा प्रसिद्ध झाली. हिंदीतील आरंभीच्या कथांमध्ये तिची गणना होते आणि काही अभ्यासक तिला पहिल्या कथेचा मान देतात. कथानक अगदी लहान आहे. जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवायचे असते. आड येते ती एका गरीब विधवेची झोपडी. कज्जेदलालीच्या जोरावर तो ती बळकावतो. एके दिवशी ती म्हातारी टोपली घेऊन येते आणि झोपडीतली टोपलीभर माती मागते. तिच्या नातीने आजीच्या घराशिवाय अन्न घेणे सोडलेले असते. त्याच मातीची चूल करून तिच्यावर भाकरी भाजावी, म्हणजे पोर जेवेल, अशी तिची आशा असते. टोपली भरल्यावर ती जमीनदारालाच ती उचलायला हात लावण्याची विनंती करते. त्याला ती हलत नाही. मग म्हातारी त्याला शांतपणे विचारते, की एका टोपलीचा भार पेलत नाही, तर या जमिनीतल्या हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा पेलणार? जमीनदाराचे डोळे उघडतात आणि झोपडी परत मिळते.

ही कथा अन्यायाची म्हणून वाचली जाते आणि ते योग्यच आहे. पण अधिकार आणि जबाबदारी यांच्या नात्याचीही ती कथा आहे. जमीनदाराने अधिकार घेतला, त्याबरोबर येणारा भार घेतला नाही. म्हातारीने त्याला शिक्षा केली नाही की शाप दिला नाही. जो भार त्याने न पाहताच ओढून घेतला होता, तो तिने त्याच्या हातात दिला. पद मागणाऱ्या प्रत्येकाने एकदा ही टोपली उचलून पाहावी. आपल्या सहीने किती माणसांची घरे चालतात वा मोडतात, हे ज्याला जड वाटत नाही, त्याच्या हाती सही असू नये.

कोसळणे आणि पुन्हा उभे राहणे

मासिक बंद पडल्यावर सप्रे स्वस्थ बसले नाहीत. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने हिंदीत शास्त्रीय परिभाषेचा कोश करण्याचे काम हाती घेतले होते, त्यातील अर्थशास्त्राच्या परिभाषेचा भार त्यांनी उचलला. नंतर नागपुरास ‘हिंदी ग्रंथमाला’ सुरू केली. १३ एप्रिल १९०७ रोजी लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’चे विचार हिंदी वाचकांपर्यंत नेणारा ‘हिंदी केसरी’ त्यांनी नागपुराहून काढला. स्वदेशी आणि बहिष्काराच्या त्या पर्वात हे पत्र झपाट्याने लोकप्रिय झाले आणि तितक्याच झपाट्याने सरकारच्या डोळ्यांत सलू लागले. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ऑगस्टमध्ये सप्रे यांना राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली.

यापुढचा भाग चरित्रकार काहीसा हळू आवाजात सांगतात, परंतु तो सांगितल्याशिवाय हा माणूस कळत नाही. सप्रे यांचे वडीलबंधू सरकारी नोकरीत होते. धाकट्या भावावर त्यांची माया पित्यासारखी. त्यांनी तुरुंगात येऊन निर्वाणीचे सांगितले, की माफी लिहून सुटला नाहीस तर मी जीव देईन. एकीकडे तत्त्व, दुसरीकडे भावाचा प्राण. सप्रे यांनी माफीपत्रावर सही केली आणि नोव्हेंबरमध्ये ते सुटले. कालपर्यंत खांद्यावर घेणाऱ्या लोकांनी पाठ फिरवली. त्याहून अधिक कठोर निवाडा त्यांनी स्वतःच स्वतःवर केला.

पुढारीपण गमावलेला माणूस साधारणपणे दोनपैकी एक करतो. समर्थन करीत बसतो किंवा कायमचा मिटून जातो. सप्रे यांनी तिसरे केले. वर्ध्याजवळच्या हनुमानगढावर श्रीधर विष्णू परांजपे यांच्या सहवासात ते राहिले, रामदासी संप्रदायाची दीक्षा घेतली आणि पुढे रायपुरात काही काळ माधुकरी मागून जगले. बी.ए. झालेला संपादक, ज्या शहरात त्याचे नाव घराघरांत ठाऊक, तेथेच दारोदार झोळी घेऊन फिरला. याच काळात त्यांनी समर्थांच्या ‘दासबोधा’चे हिंदी भाषांतर केले. टिळकांचे ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये मराठीत आले आणि पुढच्याच वर्षी सप्रे यांनी केलेले त्याचे हिंदी रूपांतर प्रसिद्ध झाले. ज्या चळवळीच्या आघाडीवरून ते मागे सरले होते, तिच्या तत्त्वज्ञानाचा ग्रंथ त्यांनी उत्तर भारतातल्या वाचकांच्या हाती दिला. चिंतामण विनायक वैद्य यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचे हिंदी भाषांतरही त्यांचेच.

या उत्तरायुष्यात त्यांनी एक पथ्य कटाक्षाने पाळले. संस्था काढायची, तिची घडी बसवायची आणि पुढच्या खुर्चीवर दुसऱ्याला बसवायचे. रायपुरात मुलींसाठी जानकीदेवी कन्या पाठशाळा उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. ‘हिंदी केसरी’च्या दिवसांत एका निबंधस्पर्धेच्या निमित्ताने खांडव्याच्या एका तरुण शिक्षकाचे लेखन त्यांच्या नजरेस आले होते. तो तरुण म्हणजे माखनलाल चतुर्वेदी. जानेवारी १९२० मध्ये जबलपूरहून ‘कर्मवीर’ साप्ताहिक निघाले, तेव्हा त्यामागची एक मुख्य प्रेरणा सप्रे यांची होती आणि संपादकपदी मात्र चतुर्वेदी होते. सप्रे तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते, अनुभवाने प्रांतातल्या कोणाहून उणे नव्हते. तरी त्यांनी लेखणी दुसऱ्याच्या हाती दिली. १९२४ मध्ये डेहराडून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मातृभाषा मराठी असलेल्या या माणसाकडे चालून आले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरात त्यांचे निधन झाले.

कनिष्ठांना घडवणे हा पुढारीपणाचा शेवटचा धडा असतो आणि तो बहुतेकांना जड जातो. आपल्यावाचून अडते, यात माणसाला सुख वाटते. सप्रे यांनी आपल्यावाचून अडणार नाही, अशी माणसे तयार केली.

अमर्याद जबाबदारी

सप्रे यांच्या कथेत चढउतार आहेत, नाट्य आहे. त्यांचे स्नेही वामनराव लाखे यांची कथा त्या मानाने संथ आहे आणि म्हणूनच नोकरीपेशातल्या वाचकाला ती अधिक जवळची वाटेल.

लाखे यांचा जन्म १८७२ साली रायपुरात झाला. सप्रे यांच्याशी त्यांचा स्नेह विद्यार्थिदशेपासूनचा. कायद्याची पदवी घेऊन त्यांनी रायपुरात वकिली सुरू केली. वकिलाच्या दारी येणारा छत्तीसगडी शेतकरी बहुधा एकाच दुखण्याने आलेला असे. सावकाराचे कर्ज. बियाण्यासाठी, बैलासाठी वा लग्नासाठी काढलेली रक्कम व्याजाने फुगत जाई आणि शेवटी जमिनीवर टाच येई. अशा शेतकऱ्याचा खटला चालवणे हा वकिलाचा पेशा. तो खटला उभाच राहू नये, अशी व्यवस्था करणे हे मात्र कोणत्याही वकिलाच्या कामात मोडत नाही. उलट त्याने वकिलाचे उत्पन्नच घटते. लाखे यांनी नेमके तेच काम अंगावर घेतले.

हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ मध्ये झाला. त्यामागे जर्मनीतील रायफायझन यांच्या ग्रामीण पतपेढ्यांचा नमुना होता. गावातल्या थोड्या शेतकऱ्यांनी एकत्र यायचे, एकमेकांना जामीन राहायचे आणि त्या सामुदायिक पतीवर स्वस्त व्याजाने कर्ज मिळवायचे. खेड्यांतील संस्थांसाठी त्या कायद्याने ‘अमर्याद जबाबदारी’चे तत्त्व घातले होते. संस्थेचे देणे थकले तर प्रत्येक सभासद आपल्या साऱ्या मालमत्तेनिशी त्यास बांधील. शेजाऱ्याने कर्ज बुडवले तर झळ आपल्याला लागणार, म्हणून शेजाऱ्याच्या शेतीकडे, वर्तनाकडे, अडचणीकडे लक्ष ठेवणे प्रत्येकास भाग पडे. परंतु खेड्यातील संस्थेला भांडवल कोठून मिळणार, हा प्रश्न उरतच होता. १९१२ च्या कायद्याने त्यासाठी मध्यवर्ती बँका काढण्याची वाट मोकळी केली. शहरातल्या लोकांनी ठेवी ठेवायच्या आणि मध्यवर्ती बँकेने त्या खेड्यांतील संस्थांना कर्जाऊ द्यायच्या.

कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँक उभी राहिली. तिच्या उभारणीत लाखे अग्रभागी होते. १९३६ पर्यंत त्यांनी तिचे मानद मंत्रिपद सांभाळले आणि त्यानंतर काही वर्षे अध्यक्षपद. मानद, म्हणजे विनावेतन. सुमारे पाव शतक एखादी बँक बिनपगारी चालवणे याचा अर्थ काय, हे ज्यांनी पतसंस्थेत एक वर्ष जरी काम केले असेल त्यांना उमजेल. ठेवीदाराला वाटले पाहिजे, की पैसा सुरक्षित आहे. कर्जदाराला वाटले पाहिजे, की न्याय होतो आहे. पीक बुडाल्यावर वसुलीला सवलत द्यायची आणि तरी बँक बुडू द्यायची नाही. नातलग, पक्षकार, मित्र यांच्या शिफारशी गोड बोलून परत करायच्या. यात भाषण नाही, मिरवणूक नाही. पण शेतकऱ्याची जमीन वाचते.

‘अमर्याद जबाबदारी’ हे मूळचे कायद्याचे शब्द. लाखे यांच्या बाबतीत ते चरित्राचे वर्णन झाले. सरकारने १९१६ मध्ये त्यांना ‘रायसाहेब’ हा किताब दिला. असहकाराचे पर्व सुरू होताच १९२० मध्ये त्यांनी तो परत केला. लोकांनी त्यांना ‘लोकप्रिय’ अशी पदवी बहाल केली, जी कोणत्याही राजपत्रात छापली गेली नाही. रायपूरच्या नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीत रायपुरात जे राष्ट्रीय विद्यालय निघाले, त्याच्या कारभारातही ते होते.

१९३० च्या सविनय कायदेभंगात रायपूरच्या पाच पुढाऱ्यांना लोक ‘पाच पांडव’ म्हणू लागले. महंत लक्ष्मीनारायण दास हे भीम, ठाकूर प्यारेलाल सिंह अर्जुन, मौलाना अब्दुल रऊफ नकुल आणि शिवदास डागा सहदेव. युधिष्ठिराचे स्थान वामनराव लाखे यांना मिळाले. त्या पाचांत एक मठाधिपती, एक मौलाना, एक मारवाडी, एक छत्तीसगडी ठाकूर आणि एक मराठी वकील होता. बाहेरून आलेल्या लहान समाजातला माणूस अशा पंक्तीत ज्येष्ठाच्या जागी बसला, तो संख्याबळाने नव्हे. सतरा वर्षे त्याने लोकांचा पैसा सांभाळला होता आणि त्याचा हिशेब दिला होता. विश्वास त्या वह्यांतून जमला होता. त्या लढ्यात त्यांना कारावास घडला. १९४१ मध्ये, सत्तरीच्या घरात असताना, वैयक्तिक सत्याग्रहात ते पुन्हा तुरुंगात गेले. १९४५ मध्ये बलौदाबाजार येथे शेतकऱ्यांची सहकारी भातगिरणी निघाली, तीही त्यांच्याच प्रयत्नाने. स्वातंत्र्याचा पहिला वर्धापनदिन पाहून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांनी देह ठेवला. रायपुरातील लाखेनगर ही वस्ती आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.

उरल्याच्या पाळीत

आता पुन्हा उरल्याकडे वळू. रायपूरच्या उत्तरेस बिरगावला लागून असलेली ही वसाहत. भट्ट्या, रोलिंग मिल, ओतकामाचे आणि जोडकामाचे कारखाने, त्यांना माल पुरवणारी लहानमोठी वर्कशॉपे. सिलतऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक चालू असतात. विदर्भातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे येथे व आसपास स्थिरावली आहेत. प्रस्तुत लेखकाचे कुटुंब त्यांपैकीच एक. या वसाहतीत संपादक नाहीत आणि मानद मंत्रीही नाहीत. पण अंगावर घेण्याजोगे काम प्रत्येक पाळीत असते.

रात्रपाळीला क्रेनची दोरी झिजलेली एका फिटरच्या ध्यानात येते. तपासणी त्याच्या कामात नाही आणि पाळी संपायला अर्धा तास उरला आहे. नोंदवहीत लिहून तो दोरी बदलेपर्यंत भार उचलू देणार नाही, की ‘सकाळची पाळी पाहून घेईल’ म्हणून घरी जाईल? नव्याने लागलेल्या ठेकेदारी कामगाराला हातमोजे मिळालेले नाहीत. पर्यवेक्षक ते भांडारातून मागवून घेईल, की तो ठेकेदाराचा प्रश्न म्हणून सोडून देईल? माल नाकारला जात आहे आणि चूक कोठे होते हे तीन विभागांना थोडेथोडे ठाऊक आहे. तिघांना एका टेबलाशी कोण बसवील? पुढारीपण म्हणजे काय, याचे उत्तर या प्रश्नांत आहे. त्यासाठी आधी पद लागत नाही. बहुधा पद नंतर येते आणि काही वेळा येतही नाही.

येथे एक सावधगिरीचा इशाराही द्यायला हवा. जास्तीचे काम अंगावर घेणारा माणूस पाहिला, की सारे ओझे त्याच्याच पाठीवर टाकण्याची रीत कारखान्यांत काय आणि कचेऱ्यांत काय, सर्वत्र आहे. जबाबदारी वाढते, अधिकार वाढत नाही, मोबदलाही वाढत नाही. याला पुढाकार म्हणत नाहीत, याला पिळवणूक म्हणतात. सहकारी संस्थेतील शेतकरी शेजाऱ्याच्या कर्जाला जामीन राहत असे, पण त्याला संस्थेच्या सभेत मतही असे. भार आणि मत ही जोडी तुटता कामा नये. म्हणून काम स्वीकारताना त्याला लागणारे अधिकार, माणसे आणि वेळ स्पष्ट शब्दांत मागून घेणे, हाही पुढारीपणाचाच भाग आहे. मागायला संकोचणारी आपली मराठी जीभ येथे थोडी सैल झाली पाहिजे.

परप्रांतात राहणाऱ्या आपल्या माणसांना या दोन चरित्रांतून आणखी एक गोष्ट घेता येईल. सप्रे यांनी मराठी सोडली नाही. समर्थ आणि लोकमान्य यांचे ग्रंथ त्यांनी हिंदीत नेले, ते मराठी अंगी मुरली होती म्हणूनच. परंतु ते ज्या लोकांत राहत होते, त्यांच्या भाषेत त्यांनी लिहिले आणि त्यांच्या अडचणींना आपल्या मानल्या. लाखे यांच्या बँकेतून कर्ज घेणारा शेतकरी छत्तीसगडी बोलत होता. आपले मंडळ, आपला उत्सव, आपली नाटके जरूर असावीत. पण ज्या गावाचे पाणी पितो त्या गावच्या कामात आपला खांदा नसेल, तर तेथे चार पिढ्या राहूनही आपण पाहुणेच ठरू.

शाळा आणि टोपली

हीरक महोत्सव म्हणजे साठ वर्षे. एवढ्या काळात शाळेने किती विद्यार्थी घडवले, याची मोजदाद या ग्रंथात अन्यत्र येईलच. मराठी माध्यमाच्या शाळेत मूल घालावे की नाही, हा प्रश्न आज अनेक पालकांच्या मनात आहे आणि तो अप्रामाणिक नाही. पुढे नोकरीत मूल मागे पडेल, चारचौघांत बोलताना अडखळेल, ही भीती त्यामागे आहे. त्या पालकांपुढे ही दोन चरित्रे ठेवावीशी वाटतात. सप्रे आणि लाखे दोघेही मराठी घरांत वाढले, हिंदी मुलखात शिकले आणि इंग्रजीतून पदवीधर झाले. त्यांच्या घरच्या भाषेने त्यांना अडवले नाही. तिने त्यांना दासबोधातला सावधपणा आणि प्रयत्नवाद दिला आणि तो त्यांनी दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या प्रांतात कामी लावला.

शाळेत पुढाकाराची पहिली शिकवण व्यासपीठावर मिळत नाही. फळा पुसण्याची पाळी, वाचनालयाच्या नोंदवहीचे काम, सहलीच्या वर्गणीचा हिशेब, मागे पडलेल्या मित्राला गणित समजावण्याची संध्याकाळ, अशा किरकोळ गोष्टींत ती मिळते. वर्गप्रमुख एकच होतो. पण वर्गणीचा हिशेब पैशापैशाने देणारा मुलगा आणि मैत्रिणीची अडचण स्वतःहून बाईंच्या कानावर घालणारी मुलगी, हे पुढचे लाखे आणि पुढचे सप्रे असतात. पालकांनी गुणपत्रिकेइतकेच या गोष्टींकडे लक्ष द्यावे आणि शिक्षकांनी अशी कामे मुलांवर विश्वासाने सोपवीत राहावे.

माजी विद्यार्थ्यांना आता कोणी फळा पुसायला सांगणार नाही. त्यांनी आपापल्या जागी, उरल्यात असोत वा पुण्यात, दुबईत असोत वा गावाकडच्या शेतावर, आपल्यासमोर पडलेली एक टोपली पाहावी. ती कोणाची, हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवून तिला हात लावून पाहावा. एकट्याला हलली नाही, तर शेजारच्याला बोलवावे. रायपुरातल्या त्या दोन मित्रांनी याहून वेगळे काही केले नव्हते.